तीन भाषांत भांडणारी तुळशी

गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या अच्छाडच्या नाक्यावर तुळशीची चहाची टपरी सोळा वर्षं चालली, ती चहापेक्षा तिच्या तोंडावर जास्त. गाडी आडवी लावणाऱ्या ड्रायव्हरला ती गुजरातीत धरायची, हिंदीत चढवायची आणि मराठीत आपटायची. ते ऐकायला लोक दुसरा कप घेत.

२०१६च्या दिवाळीनंतर रिव्हर्समध्ये मागे येणारा एक ट्रक टपरीत घुसला. टपरी गेली, तुळशीचा डावा पाय मोडला. पुढे प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले, आता चाला. पण तुळशी खाटेवरून उठेना. बोलणंही बंद झालं. सून रूपीने एक दिवस मुद्दाम आमटीत दुप्पट मीठ घातलं, तरी सासू निमूट जेवली. तेव्हा मात्र रूपी घाबरली. दुसऱ्या दिवशी तिने तुळशीला रिक्षात घातलं आणि तलासरीच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशनाच्या खोलीत नेऊन बसवलं.

तुळशीला वाटलं, सुई टोचतील. खोलीत सुई नव्हती. निलम नावाची तरुण मॅडम होती.

"मावशी, तुम्ही फार धीराच्या आहात," निलम गोड हसून म्हणाली.

तुळशीने कित्येक दिवसांनी मान वर केली. "तुला काय ठाऊक, बाय? मला बघून दोन मिनिटं नाय झाली तुला."

निलमचे कान लाल झाले. रूपी मात्र आनंदाने जवळजवळ टाळ्याच पिटणार होती.

निलमने वही मिटली. "चुकलं माझं. मग तुम्हीच सांगा, तुम्हाला काय चांगलं येतं?"

"काय नाय."

"भांडायला येतं," रूपी म्हणाली. एवढी चांगली संधी तिला लग्न झाल्यापासून मिळाली नव्हती.

"किती भाषांत?" निलमने विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

तुळशीने बोटं मोजली. "तीन. पंजाबीची सुरुवात आणि शेवट येतो, मधलं नाय."

"आणि कुणाला काय बोलायचं ते कसं कळतं?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती सांगू लागली. आधी गाडीचा नंबर बघायचा, त्यावरून राज्य कळतं, मग चेहरा. प्यायलेल्याशी भांडायचं नाही, त्याला पाणी द्यायचं. घरी भांडून निघालेला माणूस चहा हातात धरून तसाच बसतो. त्याला शिवी नाही, घरी फोन लावायला सांगायचं. अर्धा तास कसा गेला ते कळलं नाही.

"हे मी कॉलेजात दोन वर्षं शिकले, मावशी, तरी एवढं चटकन ओळखता येत नाही मला."

तुळशीने तिचा चेहरा निरखून पाहिला. मुलगी खोटं बोलत नव्हती.

निघताना निलमने काम दिलं: रोज एका माणसाला चार शब्द सुनावायचे, पण उभं राहून. पहिल्या दिवशी रूपीची पाळी आली, दुसऱ्या दिवशी मुलाची. तिसऱ्या दिवशी घरातली माणसं संपली. मग तुळशी काठी टेकत रस्त्यापर्यंत गेली आणि पाइपसाठी खड्डा खणून तसाच ठेवणाऱ्या ठेकेदाराला तिने तोंडाने इतकं झोडपलं, की त्याने संध्याकाळी खड्डा बुजवला.

उन्हाळ्यात टपरी पुन्हा उभी राहिली. पहिल्याच आठवड्यात एक ट्रक मागे येऊ लागला आणि तुळशी होती तिथेच खाली बसली. दोन दिवसांनी पुन्हा तलासरीला निलमकडे गेली.

"माझ्याच्याने नाय व्हायचं, बाय."

"बसलात, मग पुढे काय झालं?"

"चहा उतू चालला होता. उठून गॅस बंद केला."

"कोण उठलं?"

तुळशीने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "लय हुशार आहेस गं."

परतल्यावर तिने टपरी रस्त्यापासून दहा पावलं मागे सरकवली आणि पुढे दगड भरलेली दोन पिंपं लावून घेतली. तरी मागे येणारी गाडी दिसली, की छातीत धडधडतंच. मग ती पिंपाला धरून उभी राहते आणि क्लीनरला खाली उतरून मागे बघायला लावते. कुठल्या भाषेत, ते गाडीच्या नंबरावर ठरतं.