ओहोटी बघून धरलेला मुहूर्त

आमच्या भावोजींइतका मान खाली घालून जगलेला माणूस त्या वेळच्या अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नव्हता. लोकांना वाटायचं, केवढा विनयी माणूस! बोईसरच्या बाजारातून जाताना समोरून खुद्द हेडमास्तर आले तरी यांची नजर वर होत नसे. माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, ते बघायला आले तेव्हा आमची आई तर या गुणावर भाळलीच. "एकदासुद्धा वर बघितलं नाही हो पोराने," असं ती पुढे वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. लग्नानंतर उलगडा झाला की त्या दिवशी आमच्या अंगणातल्या ओल्या मातीत गांडुळांनी भोकं पाडली होती आणि भावोजी ती बघत होते. मुलगी त्यांनी मांडवातच पहिल्यांदा नीट पाहिली असावी. विनयबिनय काही नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष जमिनीतल्या भोकांकडे होतं, आणि समुद्रकाठी येऊन राहिल्यावर ते वाळूत आणि चिखलात बिळं करून राहणाऱ्या किड्यांकडे गेलं ते कायमचं.

'किडे' हा शब्द मी वापरला तो ते हयात नाहीत म्हणून. एरवी ताबडतोब दुरुस्ती व्हायची. "किड्याला सहा पाय असतात. हे वलयी प्राणी आहेत. गांडुळाचे चुलतभाऊ म्हण हवं तर." ते शाळेत जीवशास्त्र शिकवत. तारापूरची वीज सुरू होऊन थोडी वर्षं झाली होती, बोईसरला कारखान्यांमागून कारखाने येत होते, आणि त्यातल्याच एकात मी स्टोअरमध्ये नोकरीला लागलो. सरावलीला खोली मिळेपर्यंत मुक्काम ताईकडे. पहिल्याच दिवशी मोरीत पाय धुवायला गेलो तर तिथल्या बादलीत निम्म्यापर्यंत काळा चिखल. ओतून द्यावा म्हणून हात घातला तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताई ओरडली, "त्याला हात लावू नकोस रे, त्यात कुणीतरी राहतंय!" माझी भाची नंदा तेव्हा प्राथमिक शाळेत होती. ती नाकाला फडकं लावूनच मोरीत जायची आणि मोठी झाल्यावर मोरीत बादली नसलेल्या घरीच लग्न करणार असं जाहीर करायची.

घरातली एकही काच जागेवर राहिलेली नव्हती. दोन काचा जवळजवळ उभ्या करून मध्ये वाळू आणि खारं पाणी भरलं की आतला प्राणी बीळ कसं खणतो ते बाहेरून दिसतं, हे त्यांना कुठल्याशा पुस्तकात सापडलं होतं. त्यासाठी आधी कपाटाची काच गेली, मग दाराच्या वरची, आणि शेवटी आमच्या दिवंगत वडिलांच्या तसबिरीची. वडील तेव्हापासून उघड्यावर आले. ताईने जाब विचारला तेव्हा भावोजी शांतपणे म्हणाले, "मामंजींना आता काय बघायचंय? ह्याला अजून बघायचं आहे." 'ह्या'ने त्या वेळी वडिलांच्या काचेमागे एक सुंदर वळणदार बीळ केलं होतं. एका तोंडाने खाली उतरलेलं, दुसऱ्या तोंडाने वर आलेलं. ते बघायला मी ऑफिसला उशीर करून थांबलो, हेही सांगितलं पाहिजे. तो प्राणी अंगाला लाटा देत राहायचा आणि त्या हालचालीने बिळातून पाणी खेळतं राहायचं. श्वास त्याचा त्या पाण्यावर. वाळू गिळायची, तिच्यातलं खाण्यासारखं असेल ते पचवायचं आणि उरलेली स्वच्छ वाळू बिळाच्या मागच्या तोंडाशी नेऊन टाकायची. दिवसभर हाच उद्योग.

ही टाकलेली वाळू सोऱ्यातून पडल्यासारखी वेटोळी होऊन पडते. दिवाळीत ताई चकल्या पाडत होती आणि शेजारच्या काकू मदतीला आल्या होत्या, तेव्हा भावोजींनी कौतुकाने परातीत बोट दाखवून ही माहिती सविस्तर दिली. त्या घरी त्या वर्षी चकल्या फार उरल्या. वर भावोजींचं म्हणणं असं की चिंचणीच्या किनाऱ्यावरची सगळी वाळू कधी ना कधी कुणाच्या तरी पोटातून जाऊन आलेली आहे, आणि म्हणूनच ती इतकी छान आहे. मुलांना घेऊन तिथे सहलीला गेलेल्या मंडळींना हे ते आवर्जून गाठून सांगत.

किनाऱ्यावर जायचं तर ओहोटी हवी, आणि ओहोटी बघायची तर तिथी हवी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, म्हणजे पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे जातं आणि एरवी न दिसणारा चिखल उघडा पडतो. सप्तमी-अष्टमीच्या आसपास मात्र समुद्र आळसावतो, धड चढत नाही, धड उतरत नाही. किनाऱ्यावरचे लोक त्याला भांग म्हणतात. भावोजींच्या लेखी भांगाचे दिवस म्हणजे फुकट. त्या दिवसांत ते दाढी करत, रेशन आणत, नातेवाइकांकडे जात. उलट अमावास्या-पौर्णिमेला रजा ठरलेली. हेडमास्तर देवभोळे होते, त्यांनी एकदाही कारण विचारलं नाही. आळीतली म्हातारी माणसं त्यांना एकादशी कधी, चतुर्थी कधी, हे विचारायला येत आणि भावोजीही चटकन सांगत. पंचांग इतकं तोंडपाठ असलेला माणूस सायकलला फावडं बांधून कुठे जातो हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

पण त्यांचा खरा जीव वाळू गिळणाऱ्यावर नव्हता. तो होता चिंचणीजवळच्या खाडीच्या तोंडाशी चिखलात राहणाऱ्या दुसऱ्या एका जातीवर. वीतभर लांब, दोन्ही अंगांना बारीक केसाळ पायांची रांग, बिळाला आतून स्वतःच्या चिकट लाळेचा गिलावा. हा प्राणी सगळं आयुष्य त्या बिळात काढतो, बाहेर आलाच तर तोंडापुरता. आणि मग आयुष्याच्या शेवटी एकदाच त्याचं रूप पालटतं. डोळे मोठे होतात, बाजूचे पाय वल्ह्यांसारखे रुंद होतात, आतडं सुकून जातं, कारण आता खायचंच नसतं. एका ठरलेल्या तिथीला ते सगळे एकदम बिळं सोडून पाण्यावर येतात, गोल गोल पोहतात, अंडी आणि बीज पाण्यात सोडून देतात आणि संपतात. जन्मभर अंधारात राहून एकदाच वर यायचं, तेही सगळ्यांनी मिळून. हे सांगताना भावोजींचा आवाज बदलायचा. वाचलेलं खूप होतं, पाहिलेलं काहीच नव्हतं. "मला दुसरं काही नको," ते म्हणत, "एकदा हे डोळ्यांनी बघायचंय." त्यासाठी दर उन्हाळ्यात ते पौर्णिमा-अमावास्येच्या पहाटे खाडीवर जाऊन उभे राहत आणि चिखलाने माखून, काही न बघता परत येत.

नंदाचं लग्न ठरलं ते ऐंशीच्या दशकात. डहाणूकडचं घर, चिकूची वाडी, मुलगा बँकेत. मुहूर्त काढायला गुरुजी आले. त्यांनी वैशाखातली त्रयोदशी सुचवली, भावोजी म्हणाले, "नको." वद्य द्वितीया सुचवली, "छे, अजिबात नको." शेवटी भावोजींनीच बोट ठेवलं वद्य सप्तमीवर. त्या दिवशी समुद्रात बघण्यासारखं काहीही नसतं, हे त्यांचं गणित. होणारे व्याही हे सगळं भारावून बघत होते. बाहेर पडताना माझा हात धरून म्हणाले, "इतकं तिथीचं पाळणारं घर हल्ली मिळत नाही हो." मी मान डोलावली. सोयरिकीच्या वेळी नको तिथे तोंड उघडू नये, एवढं मला कळत होतं.

लग्न बोईसरलाच, शाळेच्या पटांगणात मांडव घालून. सकाळचा मुहूर्त. मंगलाष्टकं आटोपली, अक्षता पडल्या. मी मुलीचा मामा, तेव्हा नंदाच्या मागेच उभा होतो. भावोजी आणि ताई कन्यादानाला पाटावर बसले. गुरुजींनी पळी-पंचपात्र पुढे ओढलं, आणि तेवढ्यात मांडवाच्या दारातून हिरूबाई आत आली. हिरूबाई चिंचणीची. होडीवरची मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची, आणि चिखलात रुतलेल्या भावोजींना तिने पूर्वी कितीदा तरी ओढून काढलेलं. नवं लुगडं नेसून, अंबाड्यात वेणी माळून आलेली ती बाई मांडवाच्या दारातूनच ओरडली, "मास्तर, तुमी हितं काय करताय? तुमचे किडे वर आलेत!"

भावोजींचा हात हवेत राहिला.

"पाटं मासली उतरवायला गेलू तं आख्ख्या खाडीवर नुसते किडेच किडे. आजून हायत. ऊन चढंस्तवर ऱ्हातील. भायेर टेंपो उभा हाय, चला!"

भावोजी पाटावरून उठले. अर्धवट उठले असं म्हणायला हवं, कारण उपरण्याला गाठ मारलेली होती आणि ती गाठ ताईच्या शालूला होती. ताईने ती ओढली नाही, की सोडली नाही. गुरुजी दारातल्या टेंपोकडे बघायला लागले. नंदाने मुंडावळ्या बाजूला सारून वडिलांकडे बघितलं. लहानपणापासून त्या बादलीला नावं ठेवणाऱ्या त्या पोरीच्या डोळ्यांत त्या क्षणी भीती होती. आपले वडील जातील की राहतील हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

भावोजी हळूच म्हणाले, "सप्तमी. म्हणजे भांगाला येतात तर." आणि खाली बसले.

कन्यादान झालं. मात्र तसं कन्यादान पुन्हा कुठल्या मांडवात झालं नसेल. गुरुजी म्हणाले, "मम म्हणा." भावोजी म्हणाले, "मम. हिरूबाई, रंग कसा आहे?"

"कायी लाल, कायी पांडरे!"

"मम. सरळ पोहतात का गोल?"

"गोल गोल, भवऱ्यासारके!"

"मम," भावोजी म्हणाले, आणि पळीतलं पाणी नंदाच्या ओंजळीत सोडताना त्यांची नजर हिरूबाईकडे असल्याने निम्मं जावयाच्या सोवळ्यावर गेलं. व्याह्यांनी मला कानात विचारलं, हा कुठला आचार? मी म्हटलं, "आमच्याकडे असतो." दुसरं काय सांगणार?

जेवणं उठल्यावर भावोजी टेंपोत बसून खाडीवर गेले. पाठवणीच्या आत परत आले ते पितांबर गुडघ्यापर्यंत काळं करून. पाणी गढूळ होतं, बाकी काही उरलं नव्हतं. "गेले," एवढंच म्हणाले. मुलीला निरोप देताना ते रडले तेव्हा बायकांनी एकमेकींना खुणावलं, बापाचं काळीज! ते खरंच होतं. मुलीसाठी किती आणि खाडीसाठी किती हे वेगळं करून बघण्यात मला तेव्हाही अर्थ वाटला नाही, आजही वाटत नाही.

पुढच्या काही वर्षांत ते वैशाख वद्य सप्तमीच्या आगेमागे पहाटे जात राहिले, पण ते दृश्य पुन्हा काही दिसलं नाही. खाडीच्या तोंडाशी दगडांचा धक्का झाला, तिथला चिखल गेला. मग गुडघे गेले, मग छातीचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी पायऱ्यासुद्धा बंद केल्या. नव्वदनंतर घरी फोन बसला तेव्हा त्यांचं जग आरामखुर्चीपुरतं उरलं होतं.

एका रविवारी सकाळी मी चहाला गेलेलो असताना फोन वाजला. भावोजींनी घेतला. पलीकडून नंदाचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू येत होता, इतकी ती ओरडत होती. "बाबा, आलेत! डहाणूच्या खाडीत. मी आत्ता पाण्यातून येतेय!" लग्नानंतर दर वर्षी त्या दिवसांत ती पहाटे उठून एकटीच खाडीवर जात होती. सासरच्यांना फिरायला जाते असं सांगायची, आणि आम्हाला तर तिने कधी काहीच सांगितलं नव्हतं. मग तिने सगळं सांगितलं. पाणी कसं आधी शांत होतं, मग एक दिसला, मग दहा, मग मोजताच येईनात, पायांना कसे लागत होते, मागे सोडलेलं बीज दुधासारखं कसं पसरत होतं. भावोजींनी एकही प्रश्न विचारला नाही. असा माणूस, ज्याने कन्यादानात प्रश्न विचारले होते! डोळे मिटून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मग इथे फोनवर काय करतेस? परत जा. ऊन चढायच्या आत बघून घे." आणि फोन ठेवला. ताई पदराने डोळे पुसत होती. मी चहाच्या कपात बघत बसलो.

त्यानंतर घरी जो कोणी येई त्याला भावोजी ती पहाट सांगत. पाणी कुठवर होतं ते हाताने मांडीवर दाखवत, पायांना गुदगुल्या कशा झाल्या ते सांगताना खरोखर पाय आखडून घेत. ऐकणाऱ्याला वाटे, हे स्वतः तिथे उभे होते. ताईने किंवा मी त्यांना कधी अडवलं नाही. पुढे थोड्याच वर्षांत ते गेले. आजही त्यांचे जुने विद्यार्थी भेटले की विचारतात, सरांना ते शेवटी बघायला मिळालं का हो? मी सांगतो, हो, मिळालं.