पऱ्हाटीतली नळी

निवृत्तीनंतर मी मेटल डिटेक्टर घेतला, तेव्हा नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीला बोलायला एक विषय मिळाला. शेजारच्या काकूंनी तर सरळच विचारलं, "गुप्तधन शोधणार का?" मी शाळेत विज्ञान शिकवत असे. तारेचं वेटोळं आणि त्याभोवतालचं चुंबकीय क्षेत्र फळ्यावर कितीदा काढलं असेल. ते वेटोळं जमिनीतल्या वस्तूची चाहूल कशी घेतं, हे एकदा आपल्या कानांनी ऐकावं, एवढीच इच्छा होती.

सुरुवातीला अंगणातच शिकले. माझे यजमान मातीत कुठे नाणं, कुठे चमचा, कुठे बाटलीचं झाकण पुरून ठेवत आणि मी ते शोधत असे. यंत्राची तबकडी जमिनीला समांतर ठेवून हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायची. उचलली की चुकते, घाई केली की चुकते. लोखंडाचा आवाज घोगरा, तांब्या-चांदीचा स्वच्छ आणि बारीक. हे नीट कळायला मला बरेच दिवस लागले, आणि अंगण पुरेनासं झालं तेव्हा दादाच्या वावरात जायचं ठरवलं.

दादाची शेती उमरेडच्या अलीकडे आहे. आमचे वडील तिथल्या कोळसा खाणीत होते, त्यामुळे तो भाग आमच्या ओळखीचा. मी गेले तेव्हा कापूस वेचून झाला होता. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उभी होती आणि दोन दिवसांनी बाया ती उपटायला येणार होत्या. दादा कामासाठी गावात गेला होता. वहिनी माझ्यासोबत वावरात आली.

काळ्या मातीत यंत्र पहिल्यांदा नुसतं कुरकुरत राहिलं. आमच्याकडच्या काळ्या दगडातही लोहाचा अंश असतो, त्याला ते फसत होतं. मी यंत्र जुळवून घेतलं आणि विहिरीच्या बाजूने सरी धरून चालू लागले. एक खिळा निघाला, मग वखराच्या पासेचा, म्हणजे पात्याचा, तुकडा. वहिनी हसून म्हणाली, "बाई, भंगाराचं दुकान टाकता का आता?"

आणि मग कानात तो स्वच्छ आवाज आला. तबकडी आडवी फिरवली, उभी फिरवली, आवाज हलला नाही. मी गुडघ्यावर बसले आणि खुरप्याने माती बाजूला केली. फार खोल जावं लागलं नाही. मातीने माखलेली एक वायर वर आली. ती ओढली तर टोकाला बोटाएवढी लांब, बारीक नळी. जुन्या पेनाचं रिफिल असावं तशी. मी नखाने माती खरवडली. आतून पांढुरका धातू चमकला. राहिलेली माती झाडण्यासाठी ती खुरप्याच्या मुठीवर आपटायला मी हात उचललासुद्धा.

हात तिथेच थांबला. नळीतून एक नाही, दोन वायरी निघत होत्या.

लहानपणी बाबांचा डबा पोचवायला आम्ही खाणीच्या फाटकापर्यंत जायचो. तिथे एका पाटीवर अशाच नळीचं चित्र होतं आणि बाबांनी ते आम्हाला बोट लावून दाखवलं होतं. सुरुंग उडवायला बारूद असते, पण तिला जागं करते ही नळी. एवढीशी नळी माणसाचा पंजा नेते. रस्त्यात दिसली तर उचलायची नाही, लाथ मारायची नाही, मोठ्या माणसाला बोलवायचं.

ती माझ्या तळहातावर होती.

"काय भेटलं?" वहिनी जवळ येत म्हणाली.

"वहिनी, तिथेच थांबा."

"काहून?"

"मागे व्हा. विहिरीपर्यंत मागे व्हा. मग सांगते."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. ती विहिरीपर्यंत मागे सरकली. मला मात्र उठता येईना. खाली ठेवताना दगडाला लागली तर? शेजारी ठेवलेलं यंत्र चालूच होतं, आणि वायरींच्या नळीजवळ वीज चालते की नाही, हे आयुष्यभर वीज शिकवूनही मला आठवेना. बटण दाबायचीही हिंमत होईना. शेवटी जिथून माती काढली होती, त्याच भुसभुशीत खड्ड्यावर हात नेला, तळहात तिरपा केला आणि नळी मातीवर घसरू दिली. काही झालं नाही. मी बसल्या बसल्या मागे सरकत गेले. चार सऱ्या ओलांडल्यावर उभी राहिले तेव्हा कापसाइतकी पांढरी पडले होते, असं वहिनी नंतर सांगत होती.

फोनवर कळताच दादा गाडी घेऊन आला. त्याने दुरूनच पाहिलं आणि ओळखलं. विहीर खोदताना खडक लागला होता, तेव्हा सुरुंग लावणारी माणसं आणली होती. त्यांचंच काहीतरी राहिलं असणार.

"इतक्या वर्षांचं आहे वं," तो म्हणाला. "सर्द झालं असन. मी उचलतो अन् विहिरीत टाकून देतो."

"हात लावायचा नाही, दादा."

"पोलीस आले की गावभर होईन. लोक म्हणतीन, याच्या वावरात बॉम्ब सापडला."

"म्हणू देत."

तो दोन पावलं पुढे गेला. मी त्याच्या शर्टाची बाही धरली. आम्ही दोघं म्हातारी भावंडं भर उन्हात एकमेकांना ओढत होतो. मग वहिनी विहिरीजवळून शांतपणे म्हणाली, "परवा बाया येऊन राहिल्या. पऱ्हाटी घरी नेतात त्या, चुलीले. मुळाच्या ढेकळात असं एखादं गेलं तर?"

दादा थांबला. त्याने स्वतःच ठाण्यात फोन लावला.

नागपूरहून बॉम्बनाशक पथक यायला दुपार कलली. तोवर ठाण्यातल्या दोन शिपायांनी आम्हाला धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसवून ठेवलं. पथकातल्या साहेबांनी नळी पाहिली, ती पलीकडच्या कोरड्या नाल्यात नेली आणि आम्हाला कान झाकायला सांगितलं. आवाज फटाक्यासारखा, पण छातीत बसणारा. माझा उजवा तळहात आपोआप मिटला. त्यांनी आसपासची जागा तपासली आणि निघताना बजावलं, "पुन्हा काही लागलं तर खणू नका, खूण करा आणि फोन करा."

मी विचारलं, "माझ्या यंत्राने उडाली असती का?"

"यंत्राने सहसा उडत नाही, मॅडम. नखाने खरवडल्याने उडते."

त्या दिवशी घरी आले आणि यंत्र दिवाणाखाली सारलं. पण दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. बातमी गावात पोचली होती आणि एकही बाई वावरात यायला तयार नव्हती. त्यांचं चूक नव्हतं. दादाने मला यायला सांगितलं नाही. मीच म्हणाले, "येते."

मी यंत्र घेऊन प्रत्येक सरीतून चालले. खणायचं नाही, फक्त काडी रोवायची आणि पुढे जायचं. लोखंडाचा घोगरा आवाज आला तरी काडी रोवायची, कारण माझ्या कानांवर मी एवढा भरवसा ठेवू शकत नव्हते. काड्यांना बांधायला वहिनीने जुन्या साडीच्या चिंध्या दिल्या. विहिरीच्या पलीकडे, धुऱ्याला लागून, तोच आवाज पुन्हा आला. स्वच्छ, बारीक, न हलणारा. मी काडी रोवली, तीही अंगुळभरच, आणि उलट पावलांनी मागे आले.

पथक परत आलं. त्या काडीखाली दुसरी नळी होती. बाकीच्या काड्यांखाली खिळे, कडी, विळ्याचं तुटलेलं पातं.

बाया आल्या त्या त्यानंतर. तरी धुऱ्यावरच उभ्या राहिल्या. त्यांच्यातली वयाने मोठी बाई मला म्हणाली, "तुम्ही पुढे चालान का? आम्ही मांगून उपटतो."

मी हेडफोन कानाला लावले आणि पुढे चालू लागले. मागून मुळं उपटल्याचा आवाज येत होता, मी थांबले की तोही थांबत होता. दुपारपर्यंत त्या आपसात बोलू लागल्या. संध्याकाळी निम्मं वावर मोकळं झालं तेव्हा माझी मान आखडली होती. दादाने यंत्र माझ्या हातातून घेतलं, स्वतः उचलून गाडीत ठेवलं आणि म्हणाला, "उद्या सकाळीच येजो. ऊन व्हायच्या आधी."