नाना विचारायला आला का?

गाडी डहाणू रोडला जेमतेम थांबायची, आणि तेवढ्यात माझ्या आयनं मला एकच गोष्ट सांगितली. नीट अभ्यास कर नाही, वेळेवर जेव नाही, पोरांपासून जपून राहा तर नाहीच नाही. माझी ट्रंक वर चढवून झाल्यावर तिनं खिडकीचा गज धरला आणि ओरडली, "बसायच्या आधी इचार हां! कुनाची जागा असंल!"

माझं डोकंच फिरलं. सगळा डबा ऐकत होता म्हणून नाही. ह्याच एका सवयीपायी आम्ही कोर्टात तोंडावर आपटलो होतो, आणि ही बाई अजून मला तेच शिकवत होती. मी तोंड फिरवलं आणि समोर दिसली त्या जागेवर, कुणालाही न विचारता, धपकन बसले. गाडी हलली तरी आयकडे बघितलं नाही. चौऱ्याऐंशी साल होतं. मी मुंबईला विद्यापीठात कायदा शिकायला निघाले होते.

आगरच्या बायांनो, आणि आगर सोडून बोईसरला, वापीला, मुंबईला गेलेल्या पोरींनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. तुमच्यातल्या थोरल्यांनी आपलं खळं बघितलंय. धाकट्यांना तिथं फक्त नानाचं गेस्ट हाऊस ठाऊक आहे, म्हणून सांगते. गेस्ट हाऊस उभं आहे ना, तिथं वाळूची सपाट, मोकळी जागा होती. पाऊस उघडला की बायका तिथं बांबू रोवायच्या, दोऱ्या ताणायच्या आणि बोंबलाचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या टांगायच्या. वारा सुटला की सगळं खळं सळसळायचं. माझी आजी तिथं बोंबील वाळवायची, तिची सासूही तिथंच. जागा कागदावर मात्र चिकूवाडीवाल्या नानाच्या घराण्याची होती.

लहानपणी मी नानाला अहो-जाहो करायची. आता करत नाही. सरकारी नोकरीतून रिटायर होऊन आलेला माणूस, कडक इस्त्रीचा सदरा, जिभेवर साखर. हंगामाचा पहिला बोंबील आला की आपल्या बायका टोपली घेऊन त्याच्या ओटीवर जायच्या. माझी आय पुढं असायची. "नाना, उतरू का खळ्यात?" ती विचारायची. "अगं उतरा, उतरा! तुमचंच आहे!" नाना हसून म्हणायचा, मग चहा यायचा. खरं सांगायचं तर बांबू आदल्या दिवशीच रोवून झालेले असायचे. उत्तरासाठी कुणी अडलेलं नसायचं. दारावरून जाताना आपण "काय, जेवलात का?" म्हणतो, तसलंच ते विचारणं.

मग नानाच्या डोक्यात गेस्ट हाऊस आलं. मुंबईचे लोक समुद्र बघायला येतात म्हणे. एके दिवशी खळ्याला तारेचं कुंपण पडलं. बायका ओटीवर गेल्या, तर नाना बाहेरच आला नाही. तेव्हा बायकांनी दावा लावला. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे, आमचा हक्क आहे, असं म्हणणं होतं. आय पिंजऱ्यात उभी राहिली. नानाच्या वकिलानं तिला फार प्रेमानं विचारलं, "मावशी, दरवर्षी खळ्यात उतरायच्या आधी तुम्ही नानांना विचारत होतात?"

आयनं मान ताठ केली. तिला वाटलं, हा आपल्या चालीरीतीची चौकशी करतोय. "मंग?" ती म्हणाली. "इचारल्याबिगर कशे जानार? आमाला काय रीतभात नाय?"

संपलं. दावा फेटाळला. बाहेर आपल्या वकिलानं कपाळावर हात मारून घेतला, "बाई, हे एक वाक्य कशाला बोललीस?" पण का बोलायचं नव्हतं ते कुणी सांगितलं नाही. आय एस.टी. स्टँडपर्यंत तेच विचारत राहिली, "मी खोटा बोलले काय? खोटा बोलले काय मी?"

खळं गेल्यावर काय झालं ते तुम्ही भोगलंय. वाळवायला जागा नाही म्हटल्यावर ओला बोंबील किनाऱ्यावरच विकायचा, व्यापारी म्हणेल त्या भावात. सुक्या बोंबलाची टोपली घेऊन तलासरीच्या, झरीच्या बाजारात ऐटीत बसणारी माझी आय अच्छाडला, चेकनाक्याजवळच्या एका ढाब्यावर कणीक मळायला जायला लागली. ट्रकवाले तिला "ए मौसी" म्हणून हाका मारायचे. तिथून परत येताना बसमधून नानाचं गेस्ट हाऊस दिसायचं. ती त्या बाजूच्या खिडकीत कधी बसली नाही. मी मात्र मुद्दाम बसायची आणि बघायची. तेव्हाच डूख धरला. पोरींनो, मी कायदा शिकायला निघाले ती न्याय बिय मिळवायला नाही. नानाची जिरवायला निघाले.

हॉस्टेलवर मुलींनी मला सगळ्यात आधी वासानं ओळखलं. मी मासळीचा डबा उघडला की रूममधल्या पुण्याच्या, नागपूरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. आधी मी जिन्यात जाऊन खाल्लं. मग एके दिवशी मधोमध पलंगावर बसून, काटे चोखत, सावकाश खाल्लं. मेसच्या पाणचट सांबारावर दिवस काढले, इंग्रजी शिकले, साडी सोडून पंजाबी ड्रेस घालायला लागले. आगरची बोली माझ्या तोंडून कधी निसटली तेच कळलं नाही. ते अजून लागतं. आता मी तुमच्याशी बोलते तेव्हा तुम्ही थोडं अदबीनं ऐकता, ते त्याहून लागतं. हेही नानाच्याच खात्यावर टाकलंय मी.

पहिल्याच वर्षी एक पेपर होता, कायद्याचा आणि न्यायसंस्थांचा इतिहास. ह्या पेपरावर कुणाला केस मिळत नाही, म्हणून निम्मा वर्ग डुलक्या काढायचा. मी पहिल्या बाकावर टक्क जागी. गोतसभा कशी बसायची, पंचायतीचा निवाडा कोण मानायचं, कंपनीची कोर्टं आली तेव्हा गोऱ्या न्यायाधीशांनी पंडितांना काय काय विचारलं, सगळं मी अधाशासारखं वाचलं. मुंबई इलाख्यात लोकांच्या रूढीला कोर्टात मान होता, हे कळलं तेव्हा तर हॉस्टेलच्या गच्चीवर एकटीच हसले. म्हटलं, नाना, तुझे दिवस भरले.

आणि मग तो तास आला. आमच्या मॅडम होत्या, बारीक आवाजाच्या, खडूनं बोटं पांढरी झालेल्या. दुसऱ्याच्या जमिनीवर वहिवाटीनं हक्क कसा तयार होतो, हे शिकवत होत्या. त्यांनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. बळजोरीनं नको. चोरून नको. परवानगीनं नको. म्हणाल्या, रोमन लोकांपासून हा विचार चालत आलाय आणि आपल्या कायद्यातही तो मुरलाय. उघडपणे, शांतपणे, स्वतःचा हक्क असल्यासारखं वर्षानुवर्षं वापरलं तरच हक्क बनतो. ह्या तिन्हींतलं एक जरी निघालं तरी दावा खलास.

मी उभी राहिले. "मॅडम, आणि कुणी नुसतं रीत म्हणून विचारत असेल तर?"

"कायद्याला रीतभात कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "ज्यानं विचारलं, त्यानं मान्य केलं की समोरचा नाही म्हणू शकतो. मग तो हक्क कसला? ती मेहेरबानी."

मी खाली बसले. म्हणजे आयनं कोर्टात स्वतःच्या तोंडानं, मान ताठ करून, सगळ्या बायकांचं खळं नानाच्या पदरात घातलं होतं. तिनं चोरून वापरलं असतं तरी हरली असती, दांडगाई केली असती तरी हरली असती, आणि चांगली वागली म्हणूनही हरली. आणि नाना? दरवर्षी "तुमचंच आहे" म्हणायचा, तीही रीतच ना? पण ते त्याला कोर्टात कुणी विचारलं नाही. बायकांचं सौजन्य पुरावा झालं आणि नानाचं सौजन्य हवेत विरलं. त्या दिवशी मी मेसला गेले नाही. वहीत त्या तीन ओळी पुन्हा पुन्हा गिरवत बसले. आयवरचा राग तिथंच गेला, आणि तो सगळाच्या सगळा नानावर जाऊन बसला.

पुढं एलएल.एम.लाही मी हाच विषय घेतला. मैत्रिणी म्हणाल्या, वेडी आहेस, टॅक्स घे. मी ठाण्यात राहून प्रॅक्टिस सुरू केली आणि वाट बघत बसले. खळ्याचा निकाल तर लागून गेला होता, त्यात आता काही उरलं नव्हतं. पण माणूस एका ठिकाणी हावरा असला की दुसऱ्या ठिकाणीही असतो, एवढी मला खात्री होती.

नव्वदच्या पुढं गेस्ट हाऊस जोरात चालायला लागलं. तिथं जायची वाट आपल्या होळीच्या मैदानातून होती. पूर्वी नानाच्या चिकूच्या बैलगाड्या तिथून जायच्या, आता पाहुण्यांच्या मोटारी जायला लागल्या. मैदान मच्छीमार सोसायटीच्या मालकीचं. एकदा एका मोटारीनं वाळत घातलेली जाळी फाडली, तेव्हा आपल्या माणसांनी मैदानाच्या तोंडाशी होड्या आडव्या लावल्या. नानानं दावा लावला की इतक्या वर्षांची वहिवाट आहे, वाटेचा हक्क माझा आहे. हसू नका बायांनो, मी ते वाचलं तेव्हा ठाण्याच्या माझ्या खोलीत अक्षरशः नाचले होते! सोसायटीचं वकीलपत्र मीच घेतलं.

नाना पिंजऱ्यात आला. थकला होता, पण सदरा तसाच कडक. त्यानं मला ओळखलं नाही. आयला मात्र ओळखलं, ती मागच्या बाकावर बसली होती. मी रूढीचं नाव काढलं नाही, परवानगीचं तर नाहीच नाही. मी सरळ त्याच्या इभ्रतीला हात घातला. "तुम्ही गावाला न जुमानता दांडगाईनं गाड्या घालत होतात. कोळ्यांना कोण विचारतं, असा तुमचा खाक्या होता."

"अजिबात नाही!" नाना लाल झाला. ओटीवर चहा पाजणारा भला माणूस तो, भर कोर्टात दांडगा ठरणं त्याला कसं सोसणार?

"मग चोरून नेत होतात. गावकऱ्यांना पत्ता लागू न देता."

"काय बोलताय तुम्ही, बाई!" त्याचा वकील अर्धा उठला, पण नानाला धीर कुठला? "आम्ही खानदानी माणसं आहोत. चिकूचा हंगाम आला की मी स्वतः होळीच्या मैदानात जायचो, नारळ ठेवायचो आणि गावाला विचारायचो. विचारल्याशिवाय मी कुणाच्या जागेत पाऊल टाकलेलं नाही. आमच्यावर संस्कार आहेत!"

त्याचा वकील खाली बसला. मी म्हटलं, "आणखी काही विचारायचं नाही." मागं वळून बघितलं तर आय खाली मान घालून पदराशी चाळा करत होती.

नानाचा दावा फेटाळला. निकालात त्याचंच वाक्य होतं, आयच्या निकालात आयचं होतं तसं. त्या दिवशी मला जे वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला, दुष्ट, भरपूर आनंद. मोटारी रस्त्यावर उभ्या करून गेस्ट हाऊसचे पाहुणे डोक्यावर बॅगा घेऊन वाळूतून फेंगडत चालायला लागले, ते बघायला मी दोन दिवस ठाण्याची कामं टाकून राहिले.

तरी खळं काही परत आलं नाही. तिथं आता रंगीत छत्र्या आणि खुर्च्या आहेत. तुम्ही अजून ओला बोंबील पडेल त्या भावात विकता, आणि मी ठाण्यात बाजारातून सुका विकत आणून खाते. त्याला आपल्या वाळूची चव नाही. हे सगळं खरं आहे.

सोसायटीनं ठरवलं, मैदानात गाडी घालायची तर मैदानाच्या तोंडाशी असलेल्या घरी विचारायचं. ते घर आमचं. तिसऱ्या दिवशी सकाळी नाना आला. आय पायरीवर मासे साफ करत होती, मी आत दाराआड उभी होते. त्यानं पायरीखाली चपला काढल्या. मग म्हणाला, "गाडी आत घेऊ का?"

माझा जीव टांगणीला लागला. ही बाई आता "घ्या, घ्या, तुमचंच हाय" म्हणणार, चहा टाकणार, आणि माझी सगळी वर्षं पाण्यात जाणार. आयनं हात धुतले, पदराला पुसले. "घ्या की," ती गोड आवाजात म्हणाली. "आजच्या दिवस घ्या. उद्याला परत येऊन इचारा."

नाना गेला. आयनं पुढचा मासा उचलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोरटात तेवढाच शिकले मी."

ठाण्याला मला बरीच वर्षं झाली. माझा फ्लॅट आहे, दारावर पाटी आहे, पण घर म्हटलं की मला आगरमधली ती पायरीच दिसते. दर रविवारी आय नाक्यावरच्या बूथवरून फोन करते. तब्येत, पाऊस, कुणाचं लग्न, सगळं नंतर. मी आधी विचारते, "नाना आला होता का?"

"रोज येतो," आय म्हणते.

"आणि?"

"इचारतो."