दुर्बिणीतली केशर

सहादेवची दुर्बीण लांबचं काही दाखवत नसे. खाली लाकडी मूठ, वर दोन भिंगं आणि भिंगांसमोर पुठ्ठा खोचायची खाच. पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन फोटो, वरवर पाहिले तर अगदी एकसारखे. पण भिंगांना डोळे लावले की दोन्हींचा मिळून एकच फोटो व्हायचा, आणि तो सपाट राहायचा नाही. धबधबा पुढं यायचा, कडा मागं सरायचा, मधे माणूस शिरेल एवढी जागा व्हायची. मढीच्या जत्रेत तो ती पैसे घेऊन दाखवायचा, तेव्हा बाया हात पुढं करून पाणी चाचपायच्या.

"काय जादू हाय ही?" असं कुणी विचारलं की सहादेव त्याला नाकासमोर बोट धरायला लावी.

"आता डावा डोळा झाका. आता उजवा. बोट सरकलं का न्हाई? दोन्ही डोळं एकच वस्तू बघत्यात, पन जरा जरा येगळी. डोक्यात ती दोन चित्रं एक व्हत्यात, म्हनून जवळ-लांब कळतं. ह्ये फोटो बी तसंच. एक काढायचा, क्यामेरा अडीच बोटं सरकवायचा, दुसरा काढायचा. बाकी समदं आपलं डोकंच करतं."

हे तो नगरच्या एका फोटोच्या दुकानात कामाला असताना शिकला. मालक थकले, दुकान मोडलं, तेव्हा दुर्बीण आणि पुठ्ठ्यांची पेटी त्यांनी सहादेवला देऊन टाकली. दुकान चालू असताना त्यानं आपल्या मुलीचाही असा जोडफोटो काढला होता. केशर तेव्हा पाच वर्षांची. खुर्चीवर बसवली तर पाय जमिनीला टेकत नव्हते. पहिला फोटो झाला आणि कॅमेरा सरकेपर्यंत तिला दम निघाला नाही. मांडीवरचा एक हात तिनं वर उचलला.

"फुकट गेला," मालक म्हणाले.

सहादेवनं तरी तो पुठ्ठ्यावर चिकटवला. दुर्बिणीतून बघताना एका डोळ्याला हात मांडीवर दिसे, दुसऱ्याला वर. डोक्याला दोन्ही जुळवता येईनात, म्हणून तो हात लुकलुकायचा, हलल्यासारखा वाटायचा.

पुढच्याच वर्षी गोवराच्या साथीत केशर गेली.

सहादेवनं तो पुठ्ठा पेटीच्या तळाशी घातला, पुन्हा काढला नाही. काढला तो लंकाबाईनं, त्याच्या बायकोनं. दुपारची कामं आटोपली की ती उजेडाकडं पाठ करून दारात बसायची आणि दुर्बीण डोळ्यांना लावायची. रडायची नाही.

"मेलेलं मानूस असं रोज बघू न्हाई," सहादेव एकदा चिडून म्हणाला.

"मेलेली दिसत न्हाई ती. खुर्चीमागं सुदीक जागा हाय. हात हलतो तिचा."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाथर्डीकडच्या वाड्या ओस पडल्या, जत्रेला कोण येणार? दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. लंकाबाई दुर्बीण सोबत न्यायची. जेवणाच्या सुट्टीत बाया धबधब्याचा पुठ्ठा मागून घ्यायच्या. शेजारच्या ढिगावर गोजरबाई असायची. ती बराच वेळ बघायची, मग ओठ पुसून म्हणायची, "बरं वाटतं गं. पन तहान वाढती."

माघात एके सकाळी लंकाबाईची हातोडी दगडावर बसली आणि कपची उडाली ती थेट डाव्या डोळ्यात. गोजरबाईनं पदराचा बोळा करून, फुंकून फुंकून शेकलं. सूज आहे, उतरेल, असं सगळेच म्हणाले, आणि त्यातच दिवस गेले. नगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत डोळ्यात पांढरं फूल पडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं.

"हा डोळा आता बघायचा नाही. दुसरा जपा."

सहादेवनं चाचरत दुर्बिणीचं विचारलं. बाईंना ती ठाऊक होती. "आमच्याकडंही तसलंच यंत्र आहे. तिरळ्या मुलांना दोन्ही डोळ्यांनी मिळून बघायला शिकवतो त्यावर. पण त्याला दोन डोळे लागतात हो."

बाई हे मराठीत बोलल्या होत्या, तरी लंकाबाईला ते घरी आल्यावर कळलं.

"आवं, ह्ये बिघडलंय," तिनं दारातून हाक मारली. सहादेवनं भिंगं पुसून परत दिली. तिनं पुन्हा लावून पाहिलं. "कागदावानी दिसती. खुर्ची भितीला चिकटली. हात बी हलत न्हाई."

"बिघडलं न्हाई ते. एका डोळ्याला एकच फोटो दिसतो, लंके."

तिनं दुर्बीण त्याच्यापुढं धरली. "तुमी बघा."

"मला नगं."

"बघा म्हनते ना."

त्यानं डोळे लावले. आधी दोन केशर दिसल्या, मग त्यांची एक झाली आणि पुढं आली. पाय लोंबकळत होते. झग्याची किनार गुडघ्यांच्याही पुढं.

"हाय का?"

"हाय."

"हात?"

"हलतोय."

"अजून सांगा."

दुर्बीण मांडीवर ठेवून सहादेव भिंतीकडं तोंड करून बसला. लंकाबाईनं त्याला समजावलं नाही, दुर्बीण तेवढी उचलून घेतली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. तो काही ना काही निमित्त काढून बाहेर राहू लागला. शेवटी म्हणाला, "माझ्याच्यानं न्हाई व्हत." ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा विचारलं नाही.

रंगपंचमीला मढीची जत्रा बेताचीच भरली. लंकाबाई बरोबर गेली. धबधबा दाखवून झाला की ती गुपचूप केशरचा पुठ्ठा खोचायची. सहादेवनं पाहिलं, पण अडवलं नाही.

"अगं बया, उठून येतीया का काय!" एक बाई म्हणाली.

"तोंड कसं हाय तिचं?" लंकाबाईनं विचारलं.

"रुसल्यावानी."

दुसरी म्हणाली हसतीय. तिसरी म्हणाली, पोर भ्यालीय कशाला तरी. लंकाबाईनं पुठ्ठा काढून उजव्या डोळ्याजवळ धरला. इतके दिवस ती हलणाऱ्या हाताकडंच बघत आली होती. बोटाच्या पेराएवढा तो चेहरा, त्यावरून काहीच ठरेना.

सामान आवरताना तिनं नवऱ्याला विचारलं, "त्या दिशी ती हसत हुती का वो?"

सहादेवनं आठवून पाहिलं. काळ्या कापडाखाली शिरून तो कॅमेऱ्यात बघत होता, आणि त्या काचेवर माणूस उलटं दिसतं.

"ठावं न्हाई," तो म्हणाला.

त्यानंतर तिनं तो पुठ्ठा कुणाला दाखवला नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर दोघं देवळाली प्रवराकडं गेली. एका डोळ्याला जवळ-लांब कळत नसे; उसाची मोळी बांधताना लंकाबाईचा हात दोरीच्या अलीकडंच मिटायचा. शेजारची बाई दोरीचं टोक तिच्या मुठीत द्यायची, आणि दोघी पुढच्या सरीला लागायच्या.