तळ्यात सोडलेले दोन मासे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही — कारण यात तिचा भाऊ आहे.

सोलापुरात आमच्या घरी काचेच्या टाकीत दोन काळे सकर मासे होते. काचेवरचं शेवाळ खातात म्हणून आणलेले. आणले तेव्हा बोटाएवढे, बघता बघता हातभर झाले. दुकानदार परत घेईना. मग करायचं काय? घरातला मासा आपणहून मेला तर घरावरचं संकट घेऊन जातो म्हणतात, पण मुद्दाम मारला तर? गौरी-गणपतीला बायको आधीच माहेरी, मैंदर्गीला गेली होती. मी मागून स्कूटरवर झाकणाची बादली घेऊन निघालो, आणि सासुरवाडीत शिरण्याआधी तळ्याकडे वळलो. सोडून दिले. वर पुण्य केल्यासारखं वाटलं, आता काय सांगू! बायकोला म्हणालो, दुकानात देऊन आलो.

हनमंता हा माझा मेहुणा. पंप दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात गळ टाकायचा. पाऊस सरला की आम्ही दोघं तळ्यावर बसायचो. नाद एकच — आजवर न घावलेली जात काढायची. मरळ झाली, वाम झाली, आणि काही वर्षांनी त्याच्या गळाला एक काळं, खडबडीत धूड लागलं. तोंड पोटाकडं. मी बघताक्षणी ओळखलं.

“दाजी, असला मासा हितं कुणीच बगितला न्हाय की!”

तो अक्षरशः नाचला. तेव्हाच बोलायला हवं होतं, नाही का? त्याचा आनंद कशाला मोडा, असं मी मनाला समजावलं. खोटं होतं ते. मला माझी फजिती नको होती. तो बादली घेऊन बाजारभर फिरला, आणि मी त्याच्या मागे मागे.

पुढं तळ्यात तेच मासे माजले. त्यांच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटायला लागली, रोहू-कटला घावेना. मग लोकांचं बोट कुणाकडं वळणार? ज्यानं पहिला काढून मिरवला त्याच्याकडं. म्हणायला लागले, यानंच आणून सोडला, नाहीतर यालाच बरा कसा घावला!

पारावर सगळे जमले तेव्हा मी तिथंच होतो. हनमंता माझ्याकडं वळला.

“दाजी, तुमी व्हता की संगं. सांगा की ह्यास्नी.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी — मी चष्मा काढून पुसला.

“मला माशांतलं काय कळतंय?” म्हणालो.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. नुसता खाली बसला. त्यानंतर त्याला तळ्यावर कुणी बसू दिलं नाही. पंप दुरुस्तीला बोलावणंही कमी झालं. मला सगळं कळत होतं.

परवा गेलो, तर त्यानं माळ्यावरून आपली गळाची काठी काढली, धूळ पुसली आणि माझ्या हातात दिली.

“न्या दाजी. माज्या हातालाच अपेश हाय. तुमी तरी टाका.”

मी ती घेतली. चहा प्यालो आणि निघालो.