सरळ जाणाऱ्याचे चार दिवे

धर्मपाल खोब्रागडे यांच्या हाताखाली शिकलेल्या कोणी गाडी ठोकली, असं आजवर कानावर आलं नव्हतं. त्यामुळे मंगळवारी सकाळी मीराबाई रामटेके फोनवर रडत म्हणाल्या की आमच्या सोनियाच्या गाडीनं एका म्हाताऱ्या माणसाला पाडलं, तेव्हा धर्मपालांनी दोनदा विचारलं, "कोणती सोनिया?" त्यांना एकच सोनिया ठाऊक होती. पण तिचं नाव या वाक्यात बसतच नव्हतं.

चौतीस वर्षं त्यांनी रायपुरात सरकारी जीप चालवली होती. साहेब बदलले, जीपचे रंग बदलले, पण धर्मपालांच्या गाडीला ओरखडा उठला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली, डाव्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवून घेतला आणि लोकांना गाडी शिकवायला लागले. पहिल्या दिवशी ते कोणाला आत बसूच देत नसत. आधी बंद गाडीभोवती चक्कर मारायला लावायचे. चाकात हवा किती, खाली तेल गळलं का, मांजर तर नाही ना बसलेलं. शेवटच्या दिवशी उरल्याच्या कारखान्यांकडे न्यायचे. तिथल्या धुळीतून, लोखंड लादलेल्या ट्रकांच्या रांगेतून ज्यानं गाडी न घाबरता काढली, तो पास.

आणि मधल्या दिवसांत चौकाचा धडा. धर्मपालांचं म्हणणं असं, की चौकात माणसानं मुकं राहू नये. डावीकडे वळायचं, डावा दिवा. उजवीकडे वळायचं, उजवा दिवा. "अन् सरळ जायचं असलं, तं हे लाल तिकोनाचं बटन दाबायचं. चारही दिवे एकदम लुकलुकतात. म्हणजे साऱ्या दुनियेले समजते का आपण नाकासमोर जाऊन राहिलो." हा धडा त्यांना कोणी शिकवलेला नव्हता. ऑफिसात ते बटण असलेली पहिली गाडी आली, तेव्हा इतर ड्रायव्हर तसं करताना त्यांनी पाहिलं, आणि वळणाऱ्याला दिवा आहे तर सरळ जाणाऱ्यालाही असावा, हा न्याय त्यांना इतका पटला की त्यांनी त्याचा नियमच करून टाकला. ते बटण बंद पडून रस्त्यात उभ्या राहिलेल्या गाडीसाठी असतं, हे कुठंतरी वाचल्याचं त्यांना अंधुक आठवत होतं. पण एका वस्तूचे दोन उपयोग झाले तर बिघडलं कुठं, असं त्यांना वाटे.

सोनिया त्यांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी. सव्वीस वर्षांची, वडील नाहीत, आई डबे करून देते. जूनपासून ती एका शाळेच्या मुलींची व्हॅन चालवत होती. रस्त्यानं बाई व्हॅन चालवत निघाली की लोक वळून बघत आणि तिचं लक्ष मात्र रस्त्यावर असे. त्या मंगळवारी साडेसहाला ती रिकामी व्हॅन घेऊन पहिल्या मुलीला आणायला निघाली होती. पुरानी बस्तीच्या कडेला जो चौक आहे, तिथला सिग्नल तेव्हा चालू नव्हता. सोनिया रेषेवर थांबली, इकडेतिकडे पाहिलं, चारही दिवे लावले आणि सरळ निघाली. त्याच क्षणी डावीकडच्या गल्लीतून एक म्हातारा स्कूटरवर थेट तिच्यापुढं आला. ब्रेक लागला, पण धक्का बसायचा तो बसलाच. त्याच्या खुब्याचं हाड मोडलं. दुपारी शाळेनं निरोप धाडला की पोलिसांचं प्रकरण मिटेपर्यंत येऊ नका.

धर्मपाल तडक ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारानं, भैय्यालालनं, त्यांना जखमी माणसाचा जबाब सांगितला. नरहरी सगदेव, वय त्र्याहत्तर, रेल्वेतून निवृत्त. ते म्हणतात, व्हॅननं डावीकडे वळायचा दिवा दिला होता, म्हणजे ती माझ्या गल्लीत शिरणार, असं समजून मी स्कूटर काढली.

"खोटं हाय ते," धर्मपाल म्हणाले. "चारही लावले होते पोरीनं. मीच शिकवलं तिले."

भैय्यालाल म्हणाला, उनका बेटा भी यही बोल रहा है, पिताजी को अब ठीक से दिखता नहीं. मुलाचंच असं म्हणणं असेल तर केस टिकणार नाही, असंही त्यानं सुचवलं. धर्मपालांना धीर आला. तरीही तीन दिवस त्यांच्या मनाला ते लागून राहिलं. आपल्या पोरीवर एक माणूस खोटा आळ घेतो, आणि तोही आपल्यासारखाच सरकारी नोकरीत केस पांढरे झालेला. शुक्रवारी ते इस्पितळात गेले, भांडायला नाही, पण त्या गृहस्थाकडून खरं काय ते वदवून घ्यायला.

नरहरी सगदेव उताणे पडले होते. पाय वजनाला टांगलेला, दाढी मात्र गुळगुळीत केलेली. उशाशी त्यांचा मुलगा स्वानंद मोबाइल बघत बसला होता. धर्मपालांनी आपली ओळख सांगितली. मग विषयाला हात घातला, की दादा, चार दिवे होते, तुमची पाहण्यात चूक झाली असंल.

"डावा होता," नरहरी म्हणाले. "पाच वेळा लुकलुकलेला मी मोजला. मग निघालो."

"चारही होते जी."

"मला एक दिसला."

"पापा, अब छोड़ो ना," स्वानंद मान वर न करता म्हणाला. मग धर्मपालांकडे वळून समजुतीच्या सुरात त्यानं सांगितलं, की मोतीबिंदू होऊन गेलाय, कितीदा म्हटलं स्कूटर विका, आता तो प्रश्नच मिटला.

म्हाताऱ्यानं मुलाकडे पाहिलं नाही. धर्मपालांकडेच बघत ते हळू म्हणाले, "अडतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात होतो मी. दिवा दाखवला म्हणजे शब्द दिला, असं शिकलो. या गावात गाडीच्या दिव्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, ठाऊक आहे मला. मी ठेवतो. जो दिसला तो सांगितला. जो दिसलाच नाही तो कसा सांगू?"

धर्मपाल उठले. हा माणूस खोटं बोलत नव्हता, हे त्यांना समजलं होतं. ऑफिसातल्या शिपायापासून खात्याच्या साहेबापर्यंत खोटं बोलणारे त्यांनी चिक्कार पाहिले होते. आणि सोनियाही खोटं बोलणारी नव्हती. मग झालं काय?

इस्पितळाच्या आवारात त्यांची गाडी उभी होती. ते आत बसले, लाल तिकोनाचं बटण दाबलं आणि उतरले. व्हॅन कुठं असेल, गल्ली कुठं असेल, याचा अंदाज घेऊन ते गाडीच्या डाव्या अंगाला दहा-बारा पावलं दूर जाऊन उभे राहिले. नरहरी जिथं स्कूटरवर थांबले असतील, तिथं.

डाव्या बाजूचे दिवे लुकलुकत होते. फक्त डाव्या बाजूचे.

उजवीकडचा बल्ब गेला असावा, असं वाटून ते समोर गेले. दोन्हीकडचे चालू. परत डाव्या अंगाला आले. डावा. वळसा घालून उजव्या अंगाला गेले. आता फक्त उजवा. पलीकडचा दिवा गाडीच्या आडोशाला होता, तो कुठून दिसणार? ज्या बाजूला माणूस उभा, त्या बाजूचाच दिवा त्याला दिसत होता. डावीकडच्याला गाडी सांगत होती, मी तुझ्याकडे वळते. त्याच वेळी उजवीकडच्यालाही तेच सांगत होती, मी तुझ्याकडे वळते. आणि जायची मात्र सरळ, दोघांच्या पुढ्यातून.

धर्मपाल तिथंच उभे राहिले. बंद गाडीभोवती शेकडो चकरा त्यांनी मारायला लावल्या होत्या. हे दिवे लावून एकदाही नाही. स्वतःही नाही. आवारातला पहारेकरी येऊन म्हणाला, अंकल, लाइट जल रही है, बैटरी उतर जाएगी. त्यांनी मान हलवली, पण बटण बंद करायचं त्यांना सुचलं नाही. शेवटी त्यानंच हात घालून ते बंद केलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला, मायाबाईंना, सगळं सांगितलं. मायाबाईंनी ऐकून घेतलं आणि व्यवहाराचं बोलल्या. "अजी, पोरगाच म्हणते नं का बापाले दिसत नाही? मंग तुमी काहून बोलता? तुमी बोलले तं चूक पोरीच्या अंगावर येईन. नोकरी जाईन तिची."

ते खरं होतं. गप्प राहिलं तर सोनिया सुटत होती. कोणालाच कळलं नसतं. धर्मपाल जेवले नाहीत. संध्याकाळ व्हायच्या आत ते रामटेक्यांच्या घरी गेले, आणि सोनियासमोर एका कागदावर गाडी काढून, चार कोपऱ्यांना चार ठिपके देऊन त्यांनी तिला दाखवलं.

सोनियानं कागदावरच्या डाव्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. घरात मराठी समजायची, पण बोलायची ती हिंदीतच. "मतलब उनको एक ही दिखा था?"

"एकच."

"तो चार दिन से वो सच बोल रहे हैं, और सब लोग उनको अंधा बोल रहे हैं."

"चूक तुही नाही, बाई. माही हाय. मी शिकवलं."

"लगाया तो मैंने था, काका." ती उठली. मीराबाईंनी तिचा हात धरला, की थांब, आधी कोणाला तरी विचारू. सोनियानं आईचा हात हलकेच सोडवला आणि चपला घातल्या.

ठाण्यात भैय्यालालनं धर्मपालांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि तो मोकळेपणी हसला. "हव चाचा, इसमें क्या है? वो तो मैं भी लगाता हूँ. पूरा रायपुर लगाता है." धर्मपाल त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. दुपारपासून त्यांना वाटत होतं की चूक आपल्या एकट्याची आहे. हा वर्दीतला माणूस आपणही तीच करत असल्याचं हसत सांगत होता. त्यांनी त्याला बाहेर नेलं, ठाण्याच्याच गाडीचे चारही दिवे लावायला लावले आणि खांद्याला धरून गाडीच्या डाव्या अंगाला उभं केलं. भैय्यालालचं हसू थांबलं. तो उजवीकडे जाऊन आला. मग आत येऊन त्यानं नवा जबाब लिहून घेतला.

तिथून दोघं इस्पितळात गेले. धर्मपालांनी पलंगाशी उभं राहून सांगितलं, की दादा, तुम्ही पाहिलं ते बरोबर पाहिलं. गाडीनं तुम्हाला डावाच दिवा दाखवला. तो चुकीचा होता आणि तो लावायला मी शिकवलं होतं. सोनियानं वाकून नरहरींच्या पलंगाला हात लावला.

नरहरींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते मुलाला म्हणाले, "स्वानंद, स्कूटरची किल्ली कुठं ठेवलीस?"

स्वानंद लाल झाला. त्याच्या मोबाइलवर स्कूटरची विक्रीची जाहिरात होती, ती त्यानं तिथल्या तिथं काढून टाकली. या वयात, मोडक्या खुब्यानं, ते पुन्हा स्कूटर चालवणार नव्हते, हे बापलेक दोघांनाही माहीत होतं. किल्ली मात्र दुसऱ्या दिवशी उशाशी आली.

पुढं केस चालली, कारण लिहिलेलं पुसता येत नाही. सोनियानं चूक कबूल केली आणि दंड भरला. शाळेनं तिला घरीच ठेवलं असतं, पण नरहरींनी पडल्यापडल्या स्वतःच्या अक्षरात शाळेला पत्र लिहिलं, की गाडी हळू होती, मुलीनं मला उचललं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत माझं डोकं मांडीवर धरलं, आणि जी बाई आपल्या नुकसानीचं खरं सांगायला चालत येते तिच्या गाडीत मी माझी नात बसवीन. दिवाळीनंतर सोनिया व्हॅनवर परतली.

पण हे सगळं नंतर. त्या शुक्रवारी सोनिया खाली गेल्यावर नरहरींनी धर्मपालांना थांबवून घेतलं आणि विचारलं, "एकूण किती जणांना शिकवलंत?"

"दोनशे सहा."

"मग इथं काय करताय?"

शनिवारी सकाळी धर्मपाल फोन घेऊन बसले. कोणी हसलं, कोणी म्हणालं की सर, सगळेच लावतात. प्रत्येकाला त्यांनी एकच गोष्ट करायला सांगितली. आत्ता खाली जा, चारही दिवे लावा, बाजूला जाऊन उभे राहा आणि काय दिसलं ते मले सांगा. काही जणांचा पाच मिनिटांनी परत फोन यायचा, की सर, एकाच बाजूचा दिसला.

अकरावा फोन सदर बाजारातल्या एका कापड दुकानदाराला, रामकृष्णला लागला. सहा वर्षांपूर्वी तो शिकून गेला होता. त्यानं ऐकलं, खाली जाऊन पाहून आला, आणि म्हणाला, "सर, मी तर माझ्या दोन्ही भावांना हेच शिकवलं. त्यांनी त्यांच्या बायकांना. एक तर आता नागपुरात आहे."

धर्मपालांच्या हातातलं पेन थांबलं. दोनशे सहा हा आकडा काल रात्रीपासून त्यांना केवढा मोठा वाटत होता. तो किती लहान होता, ते त्यांना आता कळलं. वहीचं नवं पान उघडून ते म्हणाले, "नागपूरवाल्याचा नंबर सांग. लिहून राहिलो मी."