मामांचे मळके ठोकळे

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसांआधी भिंतींची विचारपूस करणारा साऱ्या नागपुरात एकच गृहस्थ असेल, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. नोकरी संपल्यावर लोक देवळात जातात, बागेत जातात. आमचे मामा कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले ते थेट व्हिडिओ गेममध्ये गेले. ठोकळ्यावर ठोकळा रचून घरं उभी करायचा हा गेम. त्यात आपण बनवलेले नवे ठोकळेही घालता येतात हे कळलं, आणि मामांना उरलेलं जग फक्त नमुन्यापुरतं दिसू लागलं. सिमेंटची जाळी, मोझॅकची फरशी, खिडकीतला वाळ्याचा कूलर, जे दिसेल त्याचा फोटो काढायचा आणि घरी येऊन त्याचा ठोकळा करायचा. एकदा सदरला एका ओळखीच्यांकडे दुखवट्याला गेलो होतो. मामा मान खाली घालून इतका वेळ बसले की शेवटी घरच्यांनीच त्यांना पाणी देऊन धीर दिला. बाहेर पडल्यावर मला म्हणतात, "जवाईबापू, फरशी पाह्यली का? असा हिरवा दाणा आता कोणी बनवूनच नाही राह्यलं!"

पण खरी खोड पुढेच आहे. ठोकळा कितीही सुबक उतरो, मामा शेवटी त्यावर करड्या राखेचा एक थर चढवणारच. संगमरवर असो की देवळाचा कळस, राखेतून सुटका नाही. कुठल्याशा परदेशी खेळाडूनं विचारलं, ठोकळे छान आहेत, पण मळके का दिसतात? मामांनी कळवलं, "खिडकी उघडी राहिली असेल." मलाही राहवेना. "मामा, गेममध्ये कुठली हो राख?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मंग आपलं घर कोणतं, ते कसं समजन?"

त्यांना बांधायचं होतं ते वीज केंद्राच्या कॉलनीतलं आपलं जुनं क्वार्टर. ते हुबेहूब झालंय, हे ऐकायचं होतं फक्त मामींच्या तोंडून. आणि मामी तर कम्प्युटरच्या पडद्याकडे बघायलाच तयार नव्हत्या. केंद्राच्या धुराड्यांतून उडून वाळवणावर, तुळशीवर, धुतलेल्या कपड्यांवर बसणारी राख झटकण्यात त्यांचा संसार गेलेला. आता शहरातल्या फ्लॅटमध्ये खिडकीवर बोट फिरवलं तरी काळं होत नाही, याचंच त्यांना केवढं सुख! "जिंदगीभर राख पुसली मी. आता कम्प्युटरमधली बी पुसू काय जी?" मामांना ते लागलं. बरेच दिवस खटपट करून त्यांनी नवे ठोकळे बनवले. माऊसनं फडकं फिरवलं की राख जाते आणि खाली पिवळी भिंत निघते.

परवा मी गेलो तेव्हा मामी खुर्चीत बसल्या होत्या आणि मामा मागे उभे होते. मामींनी सवयीनं पदर खोचला, माऊस धरला आणि भिंती, ओटा, व्हरांडा, सगळं लख्ख पुसून काढलं. मग खुर्ची जरा मागे सरकवून त्यांनी घराकडे पाहिलं.

"हे कोणाचं घर होय जी?"

मामांचा चेहरा उतरला. मामींनी माऊस त्यांच्याकडे सरकवला आणि त्या हळूच म्हणाल्या, "ओट्यावर थोडी राख परत टाकता येते काय?"

मामा स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. त्या क्वार्टरमध्ये आता दुसऱ्या कुणाचा तरी संसार आहे. मला चहा विचारायचं त्या दिवशी दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मला मात्र त्यांचा फार हेवा वाटला.